डिंक वाळायलाय

समोरचा माणूस बोलायला लागला की ते एक डोळा मिटायचे. नवख्या माणसाला वाटायचं, हा आपल्याला डोळा मारतोय. परभणीत खोली शोधत मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा मलाही तसंच वाटलं. भाडं किती, नळाला पाणी कधी येतं, असं मी विचारत होतो आणि ते एक डोळा मिटून माझ्या कपाळाकडे बघत होते. मग म्हणाले, "दोन्ही हात म्होरं करा. बोटांचं कडं करा. त्या कड्यातून ती निंबाची फांदी बगा. आता येकेक डोळा मिटा. कोन्चा डोळा मिटल्यावर फांदी पळाली?"

डावा मिटल्यावर पळाली.

"म्हंजे तुमचा मालक डोळा डावा हाय. डाव्या डोळ्याचा माणूस भांडत न्हाई. खोली घ्या."

यामागे काय शास्त्र होतं ते देव जाणे. पण चार वर्षं मी त्या घरात राहिलो आणि खरंच एकदाही भांडलो नाही, त्यामुळे ते खोटं आहे असंही मला म्हणता येत नाही.

आयुष्यभर त्यांनी फौजेत हत्यारं दुरुस्त केली होती. निवृत्त झाल्यावर परभणीत घर बांधलं आणि रस्त्याकडच्या खोलीत बंदुका दुरुस्त करण्याचं दुकान थाटलं. दुकानाला रीतसर परवाना होता. जिल्ह्यातली बडी माणसं आपल्या बाराबोरी बंदुका आणि रिव्हॉल्व्हर घेऊन त्यांच्याकडे यायची. त्यांना सगळे 'मिस्त्री' म्हणत, म्हणून मीही म्हणायचो. मी कचेरीत कारकून होतो आणि शस्त्र परवान्यांचं टेबल नेमकं माझ्याकडे होतं. त्यांच्या दुकानाच्या परवान्याची फाइल नूतनीकरणाला आली की माझ्याच हाताखालून जायची. यावर त्यांची एक ठरलेली थट्टा होती. "घर माझं, पर माझं दुकान तुमच्या टेबलावर. मग क्लार्कसाहेब, कोन कुनाचा भाडेकरू?"

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, नाहीतर पुढे सांगायची राहून जाईल. माझ्या आईने गावाकडून पत्र पाठवून विचारलं होतं, घरमालक कोण आहेत. मी लिहिलं, मिलिटरीतले आहेत. ते खोटं नव्हतं. पण आईला काय विचारायचं होतं ते मला कळत होतं, आणि त्यांच्या घरात समोरच्या फळीवर बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे हे मी पत्रात लिहिलं नाही. मिस्त्रींना हे कधी सांगितलं नाही. त्यांनी ओळखलं असावं.

दुकानात त्यांचा एकच कायदा होता. नळीचं तोंड कोणाकडेही वळता कामा नये, हत्यार रिकामं असलं तरी. कोणी रिव्हॉल्व्हर हातात घेऊन हातवारे करत आत आला, की मिस्त्री हातातलं काम खाली ठेवायचे आणि म्हणायचे, "भाईर व्हा. पुन्ना आत या." मग तो माणूस कोणीही असो. साखरेच्या राजकारणातला एक पुढारी, ज्याच्यासमोर आमचे साहेबसुद्धा उभे राहायचे, त्याला मी स्वतःच्या डोळ्यांनी दोनदा बाहेर जाऊन पुन्हा आत येताना पाहिलंय. दुसऱ्यांदा येताना तो शाळेतल्या पोरासारखा हात अंगाला चिकटवून आला.

आता दाण्याची गोष्ट. नळीच्या टोकावर एक छोटं पातं असतं, त्यावरून नेम धरतात. त्याला माशी म्हणतात. वालूरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मोतीबिंदू झाला होता आणि ती काळी माशी त्याला दिसेनाशी झाली होती. "मिस्त्री, सगळंच काळं दिसायलंय. माशी कोन्ची अन् रानडुक्कर कोन्चं ते बी समजंना," तो म्हणाला. मिस्त्रींनी आधी माशीला नखांना लावायचं लाल पॉलिश लावून पाहिलं. चामड्याच्या म्यानात घासून ते आठवड्यात निघालं. मग त्यांनी बाजारातून शोभेचा एक दिवा आणला. प्लास्टिकच्या केसांचा झुपका आणि प्रत्येक केसाच्या टोकाला उजेडाचा ठिपका, असे दिवे तेव्हा नवीन निघाले होते. त्याचा एक केस उपटून त्यांनी माशीत बसवला. पण तो केस खालून दिवा लागल्याशिवाय उजळायचाच नाही.

"वालूरच्या रानात पिस्तुलाखाली बल्ब कोन धरील?" ते म्हणाले.

"तुमीच जा धरायला," काकू आतून म्हणाल्या. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. दिवा त्यांना आवडला होता आणि तो टक्कल पडल्यासारखा झाला होता.

शेवटी पुण्याहून फौजेतल्या एका जुन्या दोस्ताने पाकिटात घालून नारिंगी रंगाचा प्लास्टिकचा धागा पाठवला, खराट्याच्या काडीहून बारीक. "ह्यो धागा अंगानं उजेड पितो अन् टोकाला ओकतो," मिस्त्रींनी मला समजावलं, आणि त्याहून चांगलं मला पुढे कोणी समजावलं नाही. उन्हात धरला की धाग्याचं टोक निखाऱ्यासारखं पेटायचं. माशीत बसवलेल्या त्या पेटत्या ठिपक्यालाच ते दाणा म्हणायचे.

तो बसवण्याची त्यांची पद्धत मी शेकडो वेळा पाहिली. माशीत मागून पुढे बारीक भोक पाडायचं. धाग्यावर ऊन पडावं म्हणून वरून खिडकी कापायची. धागा आरपार घालून दोन्हीकडे नखभर बाहेर ठेवायचा. मग पेटती उदबत्ती त्या टोकाच्या जवळ न्यायची, पण टेकवायची नाही. धागा आपोआप फुगायचा आणि त्याला छत्रीसारखी टोपी यायची. टोपी भोकापेक्षा मोठी, त्यामुळे धागा मागेही सरकत नाही आणि पुढेही. "टोपी घातल्याबिगर धागा घरात ऱ्हात न्हाई," असं म्हणून ते माझ्या डोक्याकडे बघायचे, कारण मी टोपी घालत नव्हतो. मग दोन ट्यूबांतला डिंक काडेपेटीवर कालवून सुईच्या टोकाने एक थेंब आत सोडायचा. हत्याराला 'वाळायलाय' अशी चिठ्ठी बांधून ते वरच्या फळीवर ठेवायचं. चोवीस तास त्याला कोणी हात लावायचा नाही, अगदी त्यांनी स्वतःसुद्धा. एकही दाणा सैल झाला म्हणून परत आला नाही, आणि याचा त्यांना जो गर्व होता तो फौजेतल्या पदकांचाही नव्हता. पदकं पत्र्याच्या पेटीत होती. दाण्याची गोष्ट ते रस्त्यावरच्या माणसाला थांबवून सांगायचे.

उदबत्ती ते बुद्धाच्या फळीवरची उचलायचे. काम झालं की उरलेली तिथे परत लावायचे. काकू म्हणायच्या, "देवळात चोरी करणारा पायलाय, पर येवढा इमानदार न्हाई पायला."

वालूरच्या म्हाताऱ्याला दाणा दिसला आणि वर्षभरात जिल्ह्यातल्या प्रत्येक बड्या माणसाला तो हवासा झाला. त्यातल्या निम्म्यांचे डोळे ठणठणीत होते. पण लग्नकार्यात कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून शेजारच्याला तो नारिंगी ठिपका दाखवण्यात मजा होती. आणि त्यातून दसऱ्याचा घोटाळा सुरू झाला. खंडेनवमीला घरोघर शस्त्रांची पूजा व्हायची. रिव्हॉल्व्हर पाटावर ठेवायचं, हळदकुंकू वाहायचं आणि उदबत्ती खोचायची. ती कुठे, तर अगदी नळीच्या टोकाशी. उदबत्तीने बसलेला दाणा उदबत्तीनेच वितळायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानाच्या बाकावर चार-पाच फेटे रांगेत बसलेले असायचे.

आणि मिस्त्री नसायचे. दसऱ्याला ते नागपूरला दीक्षाभूमीवर जायचे आणि दोन दिवसांनी परत यायचे. आल्यावर आधी पाय धुवायचे. मग चहा. मग नागपूरला किती लोक होते, कुठकुठून आले होते, कोणाचं भाषण कसं झालं, हे सगळं त्या बाकावरच्या फेट्यांना इत्थंभूत सांगायचे. ती माणसं ऐकून घ्यायची. जिल्ह्यात दुसरा कोणी दाणा बसवणारा नव्हता. त्यांच्या घरचा चहा मात्र त्यातलं कोणी पीत नसे. ते मिस्त्रींना माहीत होतं, म्हणून ते समोरच्या हॉटेलच्या पोऱ्याला मोठ्याने ओरडून सांगायचे, "पाच हाटेलचे! माझा घरचा येतो!" आणि आपला कप फार हळू प्यायचे. मला या प्रकाराचा संताप यायचा. मिस्त्रींना येत नाही, अशी माझी समजूत होती.

पुढे दुकान बंद झालं. आज त्या खोलीत पिठाची गिरणी आहे. नंतरची वर्षं त्यांनी शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात काढली. कात्रीचं टोक पुढे करून आत येणाऱ्या बायकांनाही ते "भाईर व्हा, पुन्ना आत या" म्हणायचे. बायकांना त्याची गंमत वाटायची. पण बंदुकीचं काम सुटल्यावर ते वाळले, हे मला दिसत होतं. दुकान कसं बंद झालं ते मला जितकं माहीत आहे तितकं कोणाला नसेल.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा निर्णय आता होणार, असं सगळे म्हणत होते, त्या जानेवारीतली गोष्ट. जिंतूर तालुक्यातल्या एका गावचे बागाईतदार दुकानात आले. शेतात हुरड्याची पार्टी होती, बसताना टोचतं म्हणून त्यांनी कमरेचं रिव्हॉल्व्हर काढून आगटीशेजारी ठेवलं आणि दाणा वितळून माशीवर पसरला. "मिस्त्री, तुमी तेवढं बगा," ते हसत म्हणाले आणि हुरड्याची एक पिशवी बाकावर ठेवली. गृहस्थ बोलायला गोड होते. मिस्त्रींनी पावती दिली, संध्याकाळी माझ्यादेखत नवा दाणा बसवला आणि चिठ्ठी बांधून हत्यार फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो दगडासारखा घट्ट झाला होता.

तिसऱ्या दिवशी बागाईतदार आले. मिस्त्री म्हणाले, "डिंक वाळायलाय, मालक. थंडी लय हाय."

मला नवल वाटलं. संध्याकाळी कचेरीतून आलो तर मिस्त्री सुईने तो घट्ट बसलेला दाणा कोरून काढत होते. माशीचं पातंही त्यांनी खोलून सुटं केलं होतं.

"चांगला तर बसला होता," मी म्हणालो.

"व्हय."

"मग?"

"पुन्ना बसवायलोय." मग त्यांनी सांगितलं. त्यांची धाकटी बहीण त्याच गावात दिली होती. अठ्ठ्याहत्तर साली याच नावावरून दंगल झाली तेव्हा तिचं छप्पर जाळलं होतं आणि ती लेकरं घेऊन उसाच्या फडात बसली होती. आता तिचा निरोप आला होता. हे बागाईतदार पारावर बसून म्हणत होते, नाव बदललं त्या दिवशी गावात मी कोण आहे ते दाखवतो. "दाखवायचं ते आज माझ्या फळीवर हाय," मिस्त्री म्हणाले. "माझ्या हातानं नीट करून बहिनीच्या दारात धाडायचं व्हय?"

मी कारकून. मी कारकुनासारखंच बोललो. म्हटलं, पोलीस ठाण्यात जमा करा.

"पावती दाखवून उद्याच सोडवून नेईल. मालक हाय त्यो. कागद त्याच्या नावाचा हाय."

"पण दुरुस्त झालेलं हत्यार तुम्हाला अडवून ठेवता येत नाही. त्याने तक्रार केली तर परवाना जाईल."

"ठाऊक हाय. तुमच्याच टेबलावरनं जाईल." त्यांनी एक डोळा मिटून माझ्याकडे बघितलं. "तुमी फिकीर करू नका. डिंक वाळायलाय."

हे दोन आठवडे चाललं. मिस्त्री रोज दाणा बसवायचे आणि रोज कोरून काढायचे. पाचव्या दिवशी बागाईतदार आले, सातव्या दिवशी आले. 'तुमी' आता 'तू' झालं होतं. नवव्या दिवशी मी घरीच होतो, त्यामुळे सगळं ऐकलं.

"दाण्याबिगर दे," बागाईतदार म्हणाले. "मला दाणाफिणा काई नको."

"माशीच सुटी हाय. बिगर माशीचं हत्यार दिलं अन् भलतीकडं चाललं, तर जिम्मा माझा हाय, मालक."

"कामून अडवायलास तू? मला काय कळत न्हाई व्हय?"

बागाईतदारांनी फळीकडे हात घातला. मिस्त्री उठून मध्ये उभे राहिले. उंचीने ते त्यांच्या खांद्याला लागत होते. "भाईर व्हा," ते म्हणाले. "पुन्ना आत या." बागाईतदार बाहेर गेले. पुन्हा आत आले नाहीत. रस्त्यावर उभं राहून त्यांनी मिस्त्रींची जात काढली, समोरच्या हॉटेलातल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. मिस्त्री दारात उभे राहून ते शेवटपर्यंत ऐकत होते. त्यांचे हात मागे होते आणि मी मागच्या बाजूला होतो. एका हाताने त्यांनी दुसऱ्या हाताचं मनगट करकचून आवळून धरलं होतं. त्यांना संताप येत नाही, ही माझी समजूत त्या दिवशी गेली. आणि मी दाराच्या आतच उभा राहिलो याची मला अजून लाज वाटते.

निर्णय जाहीर झाला. चार-सहा दिवस जिवाला घोर होता. मग एसटीच्या कंडक्टरबरोबर बहिणीचा निरोप आला, सगळे बरे हायत. त्या दिवशी मिस्त्रींनी दाणा शेवटचा बसवला, मोजून चोवीस तास ठेवला आणि बागाईतदारांना निरोप धाडला. त्यांनी येऊन दाण्यावर नखाने जोर देऊन पाहिला. तसूभर हलला नाही. ते तिथून थेट आमच्या कचेरीत आले आणि तक्रार देऊन गेले.

चौकशी आमच्या साहेबांपुढे झाली. जबाब टंकायला मीच होतो, कारण टेबल माझं होतं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना प्रकरण मिटवायचं होतं. त्यांनी तक्रार बाजूला सारली आणि मिस्त्रींना बसायला सांगितलं.

"हे बघा, डिंक हलका निघाला असेल," साहेब म्हणाले. "थंडीत असं होतं. डिंक वाळत नव्हता म्हणून उशीर झाला, एवढं लिहून द्या. मी ताकीद देऊन फाइल बंद करतो."

मी कागद चढवून बोटं तयार ठेवली होती. मनात म्हणत होतो, हो म्हणा. नऊ दिवस त्या माणसाला तोंडावर तेच सांगितलंत, आता कागदावर एकदा सांगा.

मिस्त्रींनी एक डोळा मिटला. "डिंक हलका नव्हता, साहेब."

"मग वाळला का नाही?"

"वाळला की. माझा डिंक चोवीस तासात वाळतो. आजपस्तोर येक दाणा सैल झाला न्हाई. कुनालाबी इचारा."

"अहो, मग दोन आठवडे..."

"रोज वाळला. रोज म्या काढला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राकडे पाहिलं. "मिस्त्री," मी खालच्या आवाजात म्हणालो, "वाळत नव्हता, असं लिहू का?"

"न्हाई. माझ्या कामाबद्दल खोटं लिहू नका." ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले होते. "वाळला व्हता, म्या दिला न्हाई, आसं लिहा."

मी तसं टंकलं. परवाना आता राहत नाही हे खोलीतल्या तिघांनाही कळलं होतं. शेवटी साहेब थोडे वैतागूनच म्हणाले, "तुम्ही उगीच घाबरलात हो. मी अहवाल मागवला होता. त्या गावात तर काहीच झालं नाही."

"व्हय, साहेब," मिस्त्री म्हणाले. "काईच झालं न्हाई."

मग ते माझ्याकडे वळले. त्यांचे दोन्ही डोळे उघडे होते.

"तेवढं बी लिहा, क्लार्कसाहेब. गावात काईच झालं न्हाई."